बारा गुलाबी पुंगळ्या

दिवाळी आठ दिवसांवर आली की आमच्या पुण्याच्या सोसायटीत जिन्यापर्यंत चिंचेचा वास येतो. माळ्यावरच्या समया, ताम्हणं, घंगाळं खाली उतरतात आणि चिंच-मिठाचा लेप लावून बाल्कनीत ओळीने बसतात. अशा वेळी मी कुणाकडे गेले की आधी भांड्यांकडे बघते, मग घड्याळाकडे, आणि विचारते, "किती वेळ झाला लावून?" बायका हसतात. हिला सगळ्याचीच वेळ लिहून ठेवायची खोड आहे, असं त्यांना वाटतं. खोड आहेच, पण इथे तिला कारणही आहे. मी चौदा वर्षं ओमानमध्ये पगार घेऊन पितळ घासलं. फरक एवढाच, की ते बंदुकीतून उडून आलेलं असायचं.

प्रकाश, म्हणजे माझा नवरा, मस्कतला एका बांधकाम कंपनीत होता. मुलगी शाळेत जायला लागल्यावर मी नोकरी शोधायला लागले. 'स्पोर्ट्स क्लबसाठी स्टोअरकीपर हवा' अशी जाहिरात दिसली. टेनिसचे चेंडू मोजायचे असतील म्हणून गेले, तर गाव मागे टाकून उघड्या बोडक्या डोंगराच्या पायथ्याशी टॅक्सी थांबली आणि समोरून धाडधाड आवाज आला. तो नेमबाजीचा क्लब होता. मॅनेजर सालिम हा पांढऱ्याशुभ्र दिशदाशातला, म्हणजे पायघोळ झग्यातला, तरुण ओमानी. बरीच वर्षं भारतीयांबरोबर काम केल्यामुळे त्याची हिंदी वेगवान होती, फक्त तिला लिंग-वचन नव्हतं.

"मदाम, आवाज का डर है?" त्याने विचारलं.

"मी लक्ष्मी रस्त्यावर वाढले," मी म्हटलं. "विसर्जन मिरवणूक खिडकीखालून जायची."

त्याला काही कळलं नाही, पण माझ्या चेहऱ्यावर भीती दिसली नाही, म्हणून नोकरी मिळाली.

बाहेरच्यांसाठी कामाची कल्पना देते. काडतूस उडालं की गोळी पुढे जाते आणि मागे राहते ती पितळेची रिकामी नळी, म्हणजे पुंगळी. ती चांगली असेल तर पुन्हा भरून वापरता येते. पण आधी तिला माणसात आणावं लागतं. तिच्या बुडाशी एक चपटी टोपी बसवलेली असते. बंदुकीचा घोडा त्या टोपीवर आदळतो, ठिणगी पडते आणि बार उडतो. एकदा उडालेली टोपी कायमची निकामी. ती आतून सुई घालून, हाताच्या दाबयंत्रावर बाहेर ढकलायची. मग पुंगळी धुवायची, वाळवायची, फिरत्या ड्रममध्ये अक्रोडाच्या कवचाच्या भरडीबरोबर घोळवून चकचकीत करायची, आणि प्रत्येक पुंगळी उजेडात धरून चीर आहे का बघायचं. शेवटचं काम, म्हणजे भरणं, पलीकडच्या कुलूपबंद खोलीत परवानाधारक माणूस करायचा. त्या खोलीची किल्ली माझ्याकडे नव्हती, आणि मला नकोच होती. शुक्रवारी सभासद नेम धरायचे, शनिवारी मी झाडू धरायचे.

माझ्या हाताखाली, किंवा खरं सांगायचं तर डोक्यावर, दाऊदभाई होते. राजापूरकडचे, वीस वर्षं लेथवर काढलेले, बोलायला कमी आणि बोलले की टोचणारे. पहिल्याच आठवड्यात मी भिंतीवर कामाची यादी लावली : निवडणे, टोपी काढणे, धुणे, वाळवणे, घोळवणे, तपासणे, मोजणे. दाऊदभाईंनी ती चष्मा लावून वाचली.

"वैनी, 'श्वास घेणे' राहिला."

मी ते खाली लिहून टाकलं. त्यानंतर आमचं जमलं.

मोजणीबद्दल क्लब फार कडक होता. आलेल्या, गेलेल्या, बाद, शेरा, असे माझ्या रजिस्टरचे चार रकाने. एक पुंगळी कमी पडली तरी कागद वर जायचा. एका रमजानमध्ये अक्रोडाची भरड संपली आणि नवीन माल बंदरात अडकला. दाऊदभाईंनी तोड काढली : खजुराच्या बिया. खाबुरा गावातला एक बागवाला त्या भरडून जनावरांच्या खाद्यासाठी विकायचा. आम्ही दोन पोती आणली. पितळ असं लख्ख झालं की सालिमने त्यात बघून डोक्यावरचा मुसर, म्हणजे फेटा, सारखा केला. पण खजुराच्या बियांची बातमी शेजारच्या वस्तीतल्या शेळ्यांनाही लागली. दुपारी आम्ही जेवायला गेलो आणि दार लोटायचं राहिलं. परत येतो तर एक काळी शेळी टेबलावर पुढचे पाय ठेवून शांतपणे चघळत होती. मी तिला हाकललं, मोजणी केली. पिस्तुलाची एक पुंगळी कमी.

सालिम म्हणाला, "शेरा में क्या लिखेगा?"

मी लिहिलं : 'एक, शेळीच्या पोटात (संशयित).'

तिसऱ्या दिवशी शेळीचा मालक कागदाच्या पुडीत ती पुंगळी घेऊन हजर झाला. धुऊन आणली आहे, असं त्याने दोनदा सांगितलं. मी ती आणखी तीनदा धुतली आणि 'संशयित' वर काट मारली. त्या दिवशी मला माझ्या रजिस्टरचा फार अभिमान वाटला. तो जरा जास्तच झाला, हे पुढे कळलं.

पुढचं प्रकरण हमूदबाबांचं.

हमूदबाबा म्हणजे सालिमचे सख्खे मामा, इब्राजवळच्या एका गावात राहणारे. पांढरी टोकदार दाढी, कमरेला खंजर, आणि खांद्यावर त्यांच्या वडलांची जुनी लांब रायफल. तिकडे तिला 'समा' म्हणतात. घरात मूल जन्मलं, लग्न लागलं, ईद आली की ती भिंतीवरून उतरते. दर वर्षी ईदनंतर हमूदबाबांचं गाव आणि कोरड्या नदीपलीकडचं गाव यांच्यात या जुन्या रायफलींची नेमबाजी व्हायची. प्रत्येक गावाचे आठ नेमबाज, प्रत्येकी तीन बार, म्हणजे गावाला चोवीस. काडतुसं ज्याने त्याने आपली आणायची. जितकी कमी, तितके बार गेले. गावच्या काडतुसांची जबाबदारी परंपरेने हमूदबाबांच्या घराकडे होती, आणि पलीकडच्या गावची सईदबाबा नावाच्या म्हाताऱ्याच्या घराकडे. हे दोघे तीस वर्षं एकमेकांशी फक्त शर्यतीच्या दिवशी बोलायचे, तेही टोमणे मारायला.

ईदच्या तोंडावर सालिमने माझ्या टेबलावर एक कातडी पिशवी ठेवली. आत बोटभर लांब, बाटलीसारखा गळा असलेल्या चोवीस पुंगळ्या, तव्यासारख्या काळ्या.

"मदाम, ऐसा अभी कोई बनाता नहीं. मंगाओ तो छह महीना. ये काडतूस नहीं है, ये मेरा मामा का नाक है."

"किती दिवस आहेत?"

"चौदह."

मी पोच लिहिली : 'जुन्या रायफलीच्या पुंगळ्या, चोवीस.' नाकाचा उल्लेख टाळला.

पहिली अडचण टोप्यांची. आमच्या नेहमीच्या पुंगळ्यांना बुडाशी मधोमध एक भोक असतं, सुई सरळ जाते. यांना दोन भोकं, तीही कडेला. दाऊदभाईंनी दोन सुया मोडल्या आणि मग लेथवर एक दांडा कातला, पुंगळीच्या गळ्यात घट्ट बसेल असा. पुंगळीत काठोकाठ पाणी भरायचं, दांडा बसवायचा आणि वरून लाकडी हातोडा हाणायचा. पाण्याला दुसरीकडे जायला वाटच नाही, ते टोपीला घेऊन बाहेर पडतं. तत्त्व उत्तम. पहिला हातोडा पडला तेव्हा सालिम नेमका वाकून बघत होता. चाळीस वर्षांची काजळी पाण्यात कालवून त्याच्या दिशदाशावर छातीपासून गुडघ्यापर्यंत उडाली.

"खलास," तो स्वतःकडे बघत म्हणाला. "अब मैं भी धोने में डालो."

त्या दिवशी चोवीसच्या चोवीस टोप्या निघाल्या. राहिलं फक्त घासणं, आणि ते तर माझं घरचं काम.

ड्रममध्ये इतका जुना काळा थर निघायला तीन-चार दिवस लागले असते. मी म्हटलं, चिंच लावू. दाऊदभाईंनी मान हलवली. "लावा, पण वीस मिनटा. जास्ती नको. ह्यांचा गला कागदासारखा हाय." मी खडूने फळ्यावर लिहिलं : 'चिंच, वीस मिनिटं.' मत्रहच्या बाजारातून चिंच आणली, कोळ काढला, मीठ घातलं. एकदम सगळ्या नकोत, निम्म्या-निम्म्या घेऊ, अशी शिस्तीत बारा पुंगळ्या बादलीत सोडल्या. दाऊदभाई दातांच्या डॉक्टरकडे गेले.

वीस मिनिटांनी बघितलं. काळेपणा जाऊन पिवळा रंग दिसायला लागला होता. चाळीस मिनिटांनी पिवळ्यावर गुलाबी झाक आली. आता माझं माहेर तांब्याच्या बंबाचं. आमच्याकडे बंब घासायचा तो गुलाबी होईपर्यंत. गुलाबी म्हणजे स्वच्छ, आणखी गुलाबी म्हणजे आणखी स्वच्छ, हे मी परकर नेसत होते तेव्हापासून शिकले होते. पितळेला आणि तांब्याला एकच न्याय लावू नये, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा आजच दाऊदभाईंनी सांगितलं होतं आणि मी ते दातदुखीवर ढकललं होतं. मी फळ्यापाशी गेले, 'वीस मिनिटं' वर काट मारली आणि लिहिलं : 'रात्रभर.'

सकाळी दाऊदभाई माझ्याआधी आले होते. बादलीशेजारी फडक्यावर बारा पुंगळ्या ओळीने मांडलेल्या. माहेरच्या बंबासारख्या सुरेख गुलाबी.

"किती छान निघाल्या!" मी म्हटलं.

दाऊदभाईंनी एक उचलली, गळ्यावर अंगठा ठेवला आणि दाबला. गळा पापडासारखा मोडला.

"वैनी, ह्या काय केलाव? पितलेत तांबा नि जस्त असता. चिंचेन जस्त खाल्लान. आता ही नुसती तांब्याची जाली हाय."

मग त्यांनी फळ्याकडे बघितलं. 'रात्रभर.' माझ्याच अक्षरात, खाली रेघ मारून. त्यांनी हातानेच फळा पुसून टाकला. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

बाराही तशाच. मोडकी बाजूला ठेवून दाऊदभाईंनी एक ड्रममध्ये टाकली. दोन तासांनी बाहेर काढली, तर वरचा गुलाबी थर जाऊन ती चक्क पिवळी दिसत होती. माझ्या नजरेलाही चांगल्या पुंगळीसारखी. आम्ही दोघं तिच्याकडे बघत बसलो. दाऊदभाई म्हणाले, "दिसायला बरी हाय," आणि उठून हात धुवायला गेले.

ते काय सुचवत होते, की मला तपासत होते, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. अकरा पुंगळ्या पिवळ्या करून पिशवीत घातल्या असत्या, मोडकीचं खापर जुनेपणावर फोडलं असतं, तर कुणाला कळलं नसतं. शर्यतीच्या दिवसापर्यंत. पुंगळी बार होताना फाटली तर आगीचा झोत मागे येतो, आणि मागे नेमबाजाचा डोळा असतो. पहिला बार परंपरेने हमूदबाबांचा. मी रजिस्टर उघडलं आणि 'बाद' च्या रकान्यात बारा लिहिलं. शेऱ्यात लिहिलं : 'माझ्या चुकीने.' चौदा वर्षांत तो शेरा एकदाच आहे.

सालिमला सांगितलं तेव्हा त्याने मुसर काढून टेबलावर ठेवला.

"मामा को तुम बोलो. मैं नहीं बोलेगा. मेरे को उधर शादी-गमी में जाना पड़ता है."

गुरुवारी दुपारी आम्ही इब्राच्या रस्त्याला लागलो. माझ्या मांडीवर पुंगळ्यांचे दोन डबे, चांगल्या आणि वाईट, आणि पर्समध्ये माझ्या कबुलीची अरबी यादी, पाच मुद्द्यांची. एक, सलाम. दोन, चूक झाली. तीन, चूक माझी, सालिमची नाही. चार, बारा गेल्या, बारा आहेत. पाच, माफी.

पण ओमानी घरात मुद्द्यावर असं लगेच येता येत नाही. आधी पाहुण्यासमोर खजूर आणि वेलचीची कडू कॉफी येते. मग यजमान विचारतो, "अलूम?" म्हणजे बातमी काय? त्यावर पहिलं उत्तर ठरलेलं : बातमी काही नाही, सगळं खुशाल. बाहेर घर जळत असलं तरी आधी खुशालच म्हणायचं.

"अलूम?" हमूदबाबांनी विचारलं.

मी यादी काढली. सालिमने माझ्या आधी उत्तर दिलं, "खुशाल."

हमूदबाबांनी शेळ्यांची चौकशी केली. पावसाची केली. परत विचारलं, "अलूम?" सालिम परत म्हणाला, "खुशाल." मी त्याच्याकडे रागाने बघितलं, तो खजुराकडे बघत होता. मध्ये कॉफी चालूच होती. ती पुरे झाली की कप किंचित हलवून परत द्यायचा असतो. मला हे पक्कं ठाऊक होतं, पण त्या दिवशी हातच हलेना. हमूदबाबा दल्ल्यातून, म्हणजे त्या लांब चोचीच्या पितळी किटलीतून, ओतत राहिले आणि मी पीत राहिले. सात कप झाले. आठव्याला मी यादी खाली ठेवली, वाईट डबा उघडला आणि पुंगळ्या चटईवर ओतल्या.

"खुशाल नाहीये, बाबा," मी म्हटलं. मराठीतच म्हटलं. पाच मुद्दे कुठल्या कुठे गेले.

सालिमने नाइलाजाने भाषांतर केलं. हमूदबाबांनी एक पुंगळी उचलली, अंगठ्याने दाबली. मोडली. दुसरी दाबली. तीही मोडली. या पुंगळ्या त्यांच्या वडलांनी जपल्या होत्या. त्यांच्या दाढीचं टोक हललं. मग त्यांनी मागे वळून घरात मोठ्याने हाक मारली, "मोझा!"

मला वाटलं, बायकोला बोलावून मला घराबाहेर काढताहेत. मोझाआजी ओढणी सावरत आल्या. हमूदबाबांनी दल्ला उचलून माझ्या नाकासमोर धरला आणि चोच दाखवली. अख्खा दल्ला पिवळा, चोच मात्र गुलाबी, आणि टोकाला कुणी चावा घेतल्यासारखा तुकडा उडालेला.

सालिम हसायला लागला. "मदाम, मामी का शादी का पहला साल. उसने लूमी का पानी में रखा." लूमी म्हणजे वाळवलेलं लिंबू. "कितना टाइम, मामी?"

मोझाआजी मान ताठ करून काहीतरी म्हणाल्या. सालिमने सांगितलं, "रातभर."

"चाळीस वर्षं," हमूदबाबा म्हणत होते, "चाळीस वर्षं रोज सकाळी मी हिला विचारतो, ही चोच कुणी खराब केली?" मोझाआजींनी एक गुलाबी पुंगळी उचलली, उजेडात धरली, आणि माझा हात घट्ट धरून माझ्या शेजारीच बसल्या. मला म्हणाल्या, "या बिंती, मुली, बरं झालं आलीस. मी एकटी पडले होते."

हसून झालं, तरी बारा पुंगळ्या कमीच होत्या. हमूदबाबा उठले. काठी घेतली, खंजर नीट केला आणि एकटेच कोरडी नदी ओलांडून निघाले. सालिम खिडकीतून बघत होता. "सईद के घर जाता है," तो हळूच म्हणाला. तीस वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही मागायला. माझ्या एका खडूच्या रेघेपायी त्या म्हाताऱ्याला ती नदी ओलांडावी लागली, याचं मला आजही वाईट वाटतं.

तासाभराने ते परत आले. हातात एक पिशवी, आत सईदबाबांकडच्या जादा बारा पुंगळ्या, शर्यतीपुरत्या उसन्या. आमच्यापेक्षाही काळ्या. सईदबाबांचा निरोप होता : 'तुझ्याकडे घासायला हिंदी बाई आहे म्हणे. माझ्याही घासून दे. पण तिला सांग, मला गुलाबी रंग आवडत नाही.'

त्या बारा पुंगळ्या मी आणि दाऊदभाईंनी खजुराच्या भरडीत चार दिवस घोळवल्या. चिंचेचं नावसुद्धा काढलं नाही. फळ्यावर दाऊदभाईंनी स्वतः लिहिलं : 'वैनीला बादलीपासून लांब ठेवणे.' मी तो मुद्दा पाळला.

शर्यतीला मी आणि प्रकाश दोघंही गेलो. शेवटच्या बारापर्यंत दोन्ही गावं बरोबरीत होती. शेवटचा बार हमूदबाबांच्या पुतण्याचा, आणि तो लागला. गाव नाचायला लागलं. तेवढ्यात सईदबाबा काठी टेकत आले, जमिनीवरची गरम पुंगळी उचलली, बुडावरची आपली खूण बघितली आणि ओरडले, "ही माझी आहे! माझ्या पुंगळीने जिंकलात, म्हणजे आम्हीच जिंकलो!" त्यावर जे भांडण पेटलं ते मिटवायला हमूदबाबांना दुसऱ्या दिवशी नदीपलीकडे जावं लागलं. तिसऱ्या दिवशी सईदबाबा अलीकडे आले. पुढे ते रोजचंच झालं. निकाल अजून लागलेला नाही.

आम्ही परत यायचं ठरवलं त्याच्या आदल्या वर्षी हमूदबाबा गेले. मी मोझाआजींना भेटून आले. आमचं सामान बांधून झालं त्या आठवड्यात सालिम घरी आला, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. उघडलं तर गुलाबी चोचीचा दल्ला.

"मामी ने भेजा. बोली, इधर अब पूछने वाला कोई नहीं. तुम्हारा घर में मर्द है, उसको बोलो पूछने का."

तेव्हापासून आमच्याकडे शुक्रवारी सकाळी त्याच दल्ल्यातून वेलचीची कॉफी होते. स्वयंपाकघराच्या दारावर माझी आठवड्याची यादी असते. शुक्रवारच्या खाली दूधवाला, इस्त्री, औषधं, आणि मग 'प्रकाश : चोचीबद्दल विचारणे.' तो बिचारा कॉफी ओतता ओतता न चुकता विचारतो, "ही चोच कुणी खराब केली?"

मी म्हणते, "आम्ही दोघींनी." आणि यादीत बरोबरची खूण करते.